स्थलपरिचय : हिंगण्याची झोपडी

पुण्याचे कर्वेनगर हे उपनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक हे खेडे. धोंडो केशव कर्वे यांचा १८९६ साली स्थापन झालेला विधवांचा आश्रम १९०० साली येथील माळावर एका झोपडीत आला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून कर्वे सायंकाळी पायी येथे येत व मुलींना शिकवीत. स्वतः विधवा असलेल्या पार्वतीबाई आठवले यांनी आश्रमासाठी गावोगाव वर्गणी जमविली. १९१६ साली येथेच महिला विद्यापीठाचा आरंभ झाला. ती झोपडी आजही जतन केलेली आहे.

शिक्षकांनी सनावळी पाठ करून घेण्यावर थांबू नये. आपल्या गावातील कोणती वास्तू कोणाच्या कष्टांतून उभी राहिली, हे विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांस विचारून वहीत लिहावे.