नदीचे पाणी : स्नानास योग्य, की माशांस योग्य?

नदीचे पाणी नितळ दिसले, की ते शुद्ध असले पाहिजे, असा आपला समज होतो. परंतु पाण्यातील रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. तसाच त्यात विरघळलेला प्राणवायूही दिसत नाही. म्हणून पाण्याची परीक्षा करण्यापूर्वी ते कोणत्या उपयोगासाठी हवे, हे ठरवावे लागते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उपयोगानुसार पाण्याचे पाच वर्ग पाडले आहेत. स्नानासाठी ‘बी’ वर्ग आहे. त्यात दर लिटरमागे प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम असावा आणि 100 मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जंतूंची संख्या 500 हून अधिक नसावी. हे जंतू पाण्यात मैला मिसळल्याची सूचना देतात. मत्स्यसंवर्धनाच्या ‘डी’ वर्गास 4 मिलिग्रॅम प्राणवायू पुरतो. तेथे जंतूंची अट नाही. मात्र मुक्त अमोनिया 1.2 मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. तेव्हा ज्या पाण्यात मासे सुखाने पोहतात, त्यात स्नान करणे निर्धोक असेलच असे नाही.

सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्ये कुजविताना सूक्ष्मजीव प्राणवायू खर्च करतात. दिल्लीत वजीराबाद बंधाऱ्याखाली नजफगढ नाला यमुनेस मिळतो. तेथून पुढे नदीतील प्राणवायू अनेकदा शून्यावर येतो. उन्हाळ्यात संकट वाढते, कारण ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : 20 अंश सेल्सिअसला सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांस साडेसात. स्नानार्थी दुसरा घाट शोधू शकतो. माशांना मात्र बहुधा त्याच पाण्यात राहावे लागते.