मूल होत नाही? तपासणी दोघांची

ताईंनो, लग्नाला दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की सुनेचा दवाखाना, देवऋषी, उपास सगळं सुरू होतं. मुलाला कुणी काही विचारत नाही. खरं तर अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत कारण पूर्ण किंवा थोडंफार पुरुषाच्या बाजूला असतं. म्हणून या वेळी शुक्राणू कसे तयार होतात ते बघू. लाजायचं काही नाही.

पुरुषाच्या वृषणात मूळ पेशी असतात. त्यांना कणगीतलं बियाणं समजा. काही पेरायचं, काही राखायचं. किती राखायचं, याचा निरोप शेजारच्या 'सर्टोली' पेशी धाडतात. या निरोपांना वाढघटक म्हणतात. मूळ पेशीच्या अंगावर निरोप घेणारं जे प्रथिन असतं, तो ग्राही. ज्या कुलपाला जी किल्ली, तसं ज्या निरोपाला जो ग्राही. 'जीडीएनएफ' हा निरोप 'रेट' ग्राहीपर्यंत पोचला की बियाणं राखलं जातं. 'किट' ग्राहीला त्याचा निरोप मिळाला की पेशी शुक्राणू होण्याच्या वाटेला लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत जीडीएनएफ कमी पडला, तर हळूहळू कणगीच रिकामी झाली. किट बिघडला, तर पेरणीच अडली.

आता सांगा, यात सुनेच्या उपासानं काय बदलणार? आणि मर्दानगीचाही इथे संबंध नाही. शरीरसंबंध व्यवस्थित असूनही वीर्यात शुक्राणू नसू शकतात.

ग्राहींची तपासणी साध्या लॅबमध्ये होत नाही, वीर्याची होते. २ ते ७ दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. रिपोर्ट कमी आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करायचा, एकावर निकाल नाही. नवा शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून मोठ्या तापाचा परिणाम नंतरही दिसतो, आणि तंबाखू आज सोडली तर फरक दिसायला तेवढे दिवस द्यावे लागतात. अंग कमवायला पोरं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात, त्यानं तर शुक्राणू बनणं बंदच पडू शकतं! 'ताकदीच्या' पुड्यांवर पैसे घालवू नका.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच, दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा. सुनेची दुर्बिणीची तपासणी ठरवण्याआधी नवऱ्याचा रिपोर्ट हातात हवा. तो तयार होत नसेल तर सासूबाईंनीच समजवा, त्यांचं ऐकतात.