तारुण्यपीटिका : कारण व उपचार

वरच्या इयत्तांस शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकास एक गोष्ट दरवर्षीं दिसते. गेल्या वर्षापर्यंत पुढच्या बाकावर बसणारा चांगला हुशार मुलगा एकाएकीं मागें जाऊन बसतो. उत्तर येत असूनहि हात वर करीत नाहीं. एखादी मुलगी बोलतांना गालावरचा हात काढीत नाहीं. कारण शोधूं लागलें म्हणजे पुष्कळदां तें चेहऱ्यावरच सांपडतें. या वयांत बहुतेक मुलामुलींस मुरूम येतात. परंतु कांहींच्या बाबतींत ते वर्षानुवर्षें हटत नाहींत, कातडीवर खांचा पाडतात आणि मनासहि खचवितात. म्हणून या विषयाचा थोडा शास्त्रीय विचार आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं करावा, असें आम्हांस वाटतें.

हा विकार आजचा नव्हे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत क्षुद्ररोगांमध्यें त्याची गणना असून, तरुणांच्या मुखावरील या पुळ्यांस शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या कांटेसांवरीच्या, कांट्यांची उपमा दिलेली आहे. ज्यानें कोवळ्या सांवरीचें खोड पाहिलें असेल, त्यास ही उपमा किती नेमकी आहे हें सांगावयास नको.

आतां मुरूम उत्पन्न कसा होतो तें पाहूं. त्वचेंतील केसाच्या मुळाशीं एक सूक्ष्म तैलग्रंथि असते. वयांत येतांना शरीरांत जे अंतःस्राव वाढतात, त्यांच्या योगानें ही ग्रंथि अधिक तेल निर्माण करूं लागते. त्याच वेळीं केसाच्या नळींतील मृत पेशी सुटून बाहेर पडण्याऐवजीं एकमेकींस चिकटतात व नळीचें तोंड बुजतें. कोंडलेल्या तेलावर ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्नीस’ नांवाचे जंतु पोसतात, दाह सुरू होतो, आणि लाल किंवा पुवाळलेली पुळी वर येते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, मुरूम हा अस्वच्छतेचा परिणाम नव्हे. दिवसांतून दोनदां सौम्य साबणानें तोंड धुणें पुरेसें आहे. खरखरीत पंचानें घासल्यानें अथवा लिंबू चोळल्यानें दाह वाढतोच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नळी बुजण्याची क्रिया पुळी दिसण्यापूर्वीं कित्येक आठवडे सुरू झालेली असते. आज दिसणारी पुळी बसविणें म्हणजे हरळीचा शेंडा खुडणें होय. मुळी जमिनींत तशीच राहते. खऱ्या औषधाचें काम पुढची पुळी उठूं न देणें हें आहे, आणि म्हणूनच त्याचा गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात.

अशीं औषधें आज उपलब्ध आहेत. बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतूंचा नाश करतें; तें अडीच टक्क्यांचें असलें तरी पुष्कळांस पुरतें, व दहा टक्क्यांच्या मानानें आग कमी करतें. मात्र उशीच्या अभ्र्याचा रंग तें उडवितें, हें घरांत आधीं सांगून ठेवावें! दुसरें ॲडॅपलीन, हें नळी बुजूं देत नाहीं. रात्रीं तोंड धुऊन कोरडें झाल्यावर वाटाण्याएवढें मलम सर्व चेहऱ्यावर पातळ पसरावें. केवळ पुळीवर टिकली लावूं नये. आरंभीं त्वचा कोरडी पडते, सालें निघतात. म्हणून प्रथम एक रात्र आड लावावें, त्वचा मऊ ठेवणारें साधें मलम जोडीस घ्यावें, आणि उन्हापासून चेहरा जपावा. पुष्कळ विद्यार्थी येथेंच चुकतात. तिसऱ्या आठवड्यांत ‘कांहीं उपयोग नाहीं’ म्हणून ते औषध टाकतात, व नवीन नळी विकत आणतात.

याच उतावळेपणांतून एक मोठा अनर्थ ओढवतो. बीटामेथासोन, क्लोबेटासोल इत्यादि स्टेरॉइडयुक्त मलमें लावलीं असतां लाली चार दिवसांत मावळते, वर्णहि उजळल्यासारखा भासतो. परंतु पुढें त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसूं लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, आणि मलम बंद करतांच पुळ्या अधिक जोरानें उठतात. २०१८ सालीं भारत सरकारनें अशा कित्येक मलमांच्या विक्रीस डॉक्टरची चिठ्ठी आवश्यक केली, तें याच कारणास्तव. शेजाऱ्यानें सुचविलेलें व चार दिवसांत गुण देणारें मलम हातीं आलें, तर त्यावरील नांव आधीं वाचावें.

तीन महिने नियमानें उपचार करूनहि उतार न पडल्यास, किंवा गांठी व खांचा होऊं लागल्यास, विलंब न करितां त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जावें. ते डॉक्सिसायक्लीनसारखें औषध मर्यादित काळ पोटांत देतील. अति हट्टी विकारावर आयसोट्रेटिनोइन आहे. अमेरिकेंत त्यास १९८२ सालीं मान्यता मिळाली. तें फार गुणकारी असलें तरी गर्भास अत्यंत घातक असल्यामुळें डॉक्टरांच्या देखरेखीखेरीज तें कोणींहि घेऊं नये. मुलीची पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तेंहि डॉक्टरांस संकोच न धरितां सांगावें.

आहाराविषयीं थोडें. फार साखर व मैद्याचे पदार्थ कमी केल्यानें कांहींस लाभ होतो, असें ऑस्ट्रेलियांत तरुणांवर केलेल्या व २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत दिसून आलें. पण पथ्य हें औषधाची जागा घेत नाहीं. डोक्यास चोपडलेलें तेल कपाळावर उतरत असेल, तर तेथील पुळ्यांचें एक कारण तें असूं शकतें.

पुळी फोडूं नये. तिनेंच व्रण राहतात. आपल्या सांवळ्या त्वचेवर पुळी गेल्यावरहि काळसर डाग कांहीं महिने टिकतो. तो रोग नव्हे, रोगाची मागें राहिलेली खूण होय.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, ‘वय झालें कीं आपोआप जाईल’ असें म्हणून मुलास परत पाठवूं नये. पुष्कळांचे मुरूम वयपरत्वें जातात हें खरें, परंतु खांचा जात नाहींत. आणि विद्यार्थ्यांस सांगावयाचें तें हें : सोबत्याच्या चेहऱ्यावरून त्यास नांव ठेवणें ही थट्टा नव्हे, क्रूरता आहे. औषधास बारा आठवडे लागतात; तितके दिवस त्यास वर्गांत मान वर करून बसतां यावें, एवढें तर आपल्या सर्वांच्या हातीं आहे.