पाहुणा होण्याची सेवा

शास्त्रवाचन : १ राजे १७:८–१६, लूक १०:१–९

सेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे देणारा हात उभा राहतो. भाकरी वाटणारा, औषध पाजणारा, अक्षर गिरवून घेणारा हात. या पाठात आपण घेणाऱ्या हाताचा विचार करणार आहोत. परदेशातून येऊन एखाद्या खेड्यातील कुटुंबात महिनोन्‌महिने राहणाऱ्या स्वयंसेवकाचे रोजचे जीवन आपल्याला हा धडा शिकवू शकते, आणि तो शिकण्यासाठी आपण छत्तीसगडातील रायपूरच्या परिसरात जाऊ.

मराठी वाचकांना रायपूर परके नाही. १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि पुढे १९५६ पर्यंत तो नागपूरबरोबर एकाच प्रांतात राहिला. २००० साली छत्तीसगड राज्य झाले व रायपूर त्याची राजधानी झाली. शहराभोवती मात्र आजही भाताची खाचरे आणि तळ्याकाठची गावे आहेत.

बंगला आणि घर

१८६८ साली ऑस्कर लोर हे जर्मन वंशाचे मिशनरी अमेरिकेहून येथे आले. त्यांनी १,५४४ एकर पडीक जमीन घेऊन बिश्रामपूर वसवले. तेथे सतनामी समाजातील कुटुंबे येऊन राहिली. शाळा, दवाखाना व मंडळी उभी राहिली. पुढे १८९९ मध्ये, दुष्काळाच्या काळात, अमेरिकन मेनोनाइट मिशनरी रायपूरच्या दक्षिणेस धमतरी येथे आले. त्यांच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या आणि रुग्णालय आजही आहे. या परिश्रमांबद्दल आपण देवाचे उपकार मानतो.

तथापि एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बिश्रामपुरात मिशन ही गावची मालगुजार होती. बंगल्यातील साहेब धर्मगुरू होता आणि जमिनीचा मालकही होता. मालगुजारीचे हक्क कायद्याने संपेपर्यंत हे नाते टिकले. मालक कितीही दयाळू असला, तरी त्याच्यापुढे उभा राहणारा माणूस कूळच राहतो. बंगल्यात यजमान नेहमी परदेशी होता आणि गावकरी नेहमी आश्रित.

पुढील काळात निराळी वाट निघाली. मेनोनाइट सेंट्रल कमिटीच्या ‘सॉल्ट’ या योजनेत उत्तर अमेरिकेतील तरुण सुमारे वर्षभर दुसऱ्या देशात सेवा करतात आणि पुष्कळदा तेथील कुटुंबातच राहतात. याच संस्थेने १९५० साली सुरू केलेल्या दुसऱ्या योजनेतून इतर देशांतील तरुण अमेरिका व कॅनडातील घरांत राहून आले. येथे नाते उलटे झाले. ज्याच्या घरी राहायचे तो यजमान, आणि सेवक त्याचा पाहुणा. हा बदल वाटतो तितका लहान नाही.

सारफथची विधवा

असा पाहुणा शास्त्रात पूर्वीच भेटतो. दुष्काळात देव एलीयाला सीदोनाच्या प्रांतातील सारफथ गावी पाठवतो. हा परदेश आहे, आणि इस्राएलात बआलाची उपासना वाढवणाऱ्या ईजबेलीचे माहेरही तेच. तेथे त्याचा यजमान कोणी श्रीमंत नाही. मूठभर पीठ आणि थोडेसे तेल एवढीच पुंजी उरलेली, सरपण वेचणारी एक विधवा आहे. देवाचा संदेष्टा तिच्यापाशी पाणी मागतो, मग भाकर मागतो. मदत करण्यासाठी पाठवलेला माणूस प्रथम मागतो, हे आपल्याला विचित्र वाटते. पण त्या मागण्यामुळेच ती स्त्री भीक घेणारी न राहता घरधनीण ठरते. मात्र वृत्तांत येथे थांबत नाही. पाहुणा जेवला आणि तिचे घरही पुष्कळ दिवस जेवले. पाहुणचाराची कसोटी या दोन्ही गोष्टींत मिळून आहे.

प्रभू येशूने सत्तर जणांना पाठवताना हाच मार्ग नेमला. थैली नको. घरात शिरताना शांती द्या. एकाच घरी राहा, घरे बदलत फिरू नका. पुढे वाढतील ते खा. आठव्या व नवव्या वचनांतील क्रम पाहा : आधी जेवण, मग रोग्यांना बरे करणे, आणि त्यानंतर राज्याची घोषणा. आपण बहुधा हा क्रम उलटा करतो.

एक दिवस

छत्तीसगडी घरात पाहुणा आला की त्याच्यापुढे पाण्याने भरलेला लोटा ठेवतात. तो पाय धुण्यासाठी असतो. लूक ७:४४ मध्ये प्रभूने शिमोन परूश्याच्या घरी ज्याची उणीव दाखवून दिली, ते पाणी येथे गरिबाच्या दारीही न मागता मिळते. पाहुण्याला येथे ‘पहुना’ म्हणतात. आपल्या कानाला तो शब्द घरचाच वाटतो.

पहाटे घरातील स्त्रिया प्रथम उठतात. शेणसडा, पाणी भरणे, चूल. स्वयंसेवकाला येथे पहिला अडथळा येतो तो कामाचा नव्हे, रिकाम्या हातांचा. त्याला झाडू मागितला तरी कोणी देत नाही, कारण पाहुण्याने झाडणे म्हणजे घराची अप्रतिष्ठा. काही आठवड्यांनी कोणी भाजी निवडायला पुढे करते, तेव्हा तो घरचा होऊ लागला असे समजावे.

स्नान पुष्कळदा गावच्या ‘तरिया’वर, म्हणजे तळ्यावर होते. तेथे गाव भेटते, चौकशा होतात. सकाळी ‘बासी’ येते : रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजवून ठेवलेला, सोबत मीठ, कांदा, मिरची वा चटणी. उन्हात राबणाऱ्यांचे हे थंड अन्न आहे. कधी तांदळाच्या पिठाचा चीला, कधी लाल भाजी. परदेशी पाहुण्यासाठी यजमानीण वेगळे काही करू पाहते. जे घरचे खातात तेच मला द्या, असे तो ज्या दिवशी मनापासून म्हणतो आणि खातो, त्या दिवशी तिच्या खांद्यावरचे एक ओझे उतरते.

मग शाळा, दवाखाना किंवा शेत. पावसाळ्यात पेरलेले भात वितभर वाढले की पाणी साचलेल्या खाचरात पुन्हा हलका नांगर फिरवतात. या पद्धतीला ‘बियासी’ म्हणतात. नवख्याला वाटते, पीक मोडते आहे. वस्तुतः दाटी कमी होऊन तण दबते आणि भाताला जोर येतो. जे आपल्याला चूक दिसते त्यामागे पिढ्यांची समज असू शकते. म्हणून सल्ला देण्यापूर्वी एक हंगाम पाहावा, हे शहाणपण पुस्तकापेक्षा चिखलात लवकर कळते.

सायंकाळी ओसरीवर भाषा शिकायची. आईला दाई, वडिलांना ददा, मुलीला नोनी, मुलाला बाबू. गुरू बहुधा घरातील लहान नोनीच असते. पदवीधर पाहुणा चुकतो आणि ती हसते. त्या हसण्याने जी समता येते ती व्याख्यानाने येत नाही.

कोणाच्या घरी?

पाहुण्याने कोणाच्या घरी जेवावे, हा आपल्या देशात कधीच साधा प्रश्न नव्हता. सतनामी समाजाने अस्पृश्यतेचा जाच सोसला. अशा घरी परदेशी माणूस पंगतीला बसतो, तेव्हा सारे गाव पाहते. पेत्र यापोत कातडे कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी पुष्कळ दिवस राहिला (प्रेषित ९:४३). कर्नेल्याकडचे बोलावणे त्याला त्याच घरी आले. ज्याने चर्मकाराचे आतिथ्य स्वीकारले, त्याचे पाऊल परराष्ट्रीयाच्या उंबरठ्याकडे वळले. आणि यरुशलेमेत त्याच्यावर आरोप आला तो उपदेशाचा नव्हे, त्यांच्याबरोबर जेवल्याचा (प्रेषित ११:३).

पाहुणचाराचे ओझे

या जीवनाचे केवळ गोड चित्र रेखाटणे योग्य नव्हे. एक माणूस वाढला की तांदूळ, सरपण व पाणी वाढते, आणि त्याचा भार बहुधा घरातील स्त्रीवर पडतो. म्हणून राहण्याजेवणाचा खर्च संस्थेने आधीच ठरवून वेळेवर द्यावा. तो दान समजू नये. मजूर आपल्या मजुरीस योग्य आहे, हे तत्त्व यजमानिणीलाही लागू आहे. आपल्या ताटात दूध आले तर मुलांच्या वाट्याचे तर नाही ना, हे पाहावे. महागड्या भेटींनी घरात व शेजारात तेढ पडते. घरच्यांची छायाचित्रे त्यांना विचारल्यावाचून काढू नयेत, आणि त्यांचे दारिद्र्य पत्रांतून सांगून कोणाची करुणा मिळवू नये. उलटपक्षी यजमानांनीही ध्यानात घ्यावे की, एकांताची सवय असलेला पाहुणा दार लावून बसला तर तो रुसलेला असेलच असे नाही.

सर्वांनी मागण्याचा दिवस

पौष पौर्णिमेला छत्तीसगडात ‘छेरछेरा’ होतो. भात घरात येऊन कोठ्या भरलेल्या असतात. मुले आणि मोठी माणसेही दारोदार जाऊन धान मागतात. ज्यांच्या घरी भरपूर आहे तेही मागतात. त्या दिवशी मागण्यात लाज नाही आणि देण्यात बडेजाव नाही. मंडळीचे जीवन कसे असावे, याचे हे बोलके चित्र आहे. जो केवळ देतो तो हळूहळू मालगुजार बनतो. जो घेऊही जाणतो तो भाऊ होतो.

वाचकहो, छत्तीसगडातील कितीतरी कुटुंबे कामासाठी नागपुरात व इतर शहरांत येतात. आपल्या इमारतींच्या विटा ती वाहतात. ज्यांच्या गावात परक्यापुढे पाण्याचा लोटा ठेवला जातो, त्यांच्यापुढे आपल्या शहरात कोणी काय ठेवले?

चर्चेसाठी प्रश्न

१. एलीयाने विधवेला काही देण्याऐवजी आधी तिच्याकडे का मागितले असावे?

२. आपली मंडळी ज्यांना मदत करते, त्यांच्या घरी आपण शेवटचे कधी जेवलो?

३. आपल्या वस्तीत परप्रांतातून आलेले मजूर कुटुंब कोणते? या आठवड्यात त्यांना घरी बोलवावे, की आधी आपणच त्यांच्या दारी जावे?