घरभाड्याचे गणित आणि जमिनीचा कागद



पालकसभा संपली की व्हरांड्यात एक विषय हमखास निघतो. कुणी विचारतो, "गुरुजी, थोडे पैसे साठलेत. प्लॉट घेऊ की खोली घेऊन भाड्याने देऊ?" सिल्वासा परिसरात कारखाने वाढले, कामगार आले, खोल्यांना मागणी आली. म्हणून हा प्रश्न आपल्या गलोंड्यात घरोघरी आहे. मोठ्या बिल्डरची गोष्ट वेगळी, पण ज्याच्याकडे आयुष्यभराची बचत एवढेच भांडवल आहे, त्याची एक चूक मुलांच्या शिक्षणावर येते. म्हणून या अंकातला अभ्यासलेख आम्ही याच विषयावर देत आहोत.

आधी थोडा इतिहास

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा व नगर हवेली भारतात रीतसर सामील झाली, हे आपण शाळेत शिकतो. पण जमिनीच्या कागदात जुना काळ पुढेही बरीच वर्षे राहिला. पोर्तुगीज सरकार 'अल्वारा' नावाच्या सनदेने जमिनी देत असे. जमीन लागवडीखाली आणायची, ही त्यातली अट होती. अट पाळली नाही म्हणून १९७४ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी काही अल्वारे रद्द केले. त्यावरचा वाद कोर्टात चालत राहिला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल कारवाई कायम केली. म्हणजे पन्नास वर्षे! यातून पहिला धडा घ्यावा: जमिनीवरची अट जमिनीबरोबरच चालते. मालक बदलला किंवा पिढी बदलली म्हणून ती आपोआप सुटत नाही.

पहिली पायरी : कागद वाचणे

१. हक्कनोंदीचा ताजा उतारा स्वतः मामलतदार कार्यालयातून काढावा. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. उताऱ्यावर किती नावे आहेत ते मोजावे. चार भावांची जमीन एका भावाच्या सहीने पूर्ण विकली जात नाही.

२. जमीन शेतीची आहे की एन.ए., म्हणजे बिनशेती, ते पाहावे. "एन.ए. होणारच आहे" हे वाक्य कागद नव्हे.

३. शर्तीची जमीन, सरकारने वाटप केलेली जमीन किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल, तर विक्रीला परवानगी लागते का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारावे. २०११ च्या जनगणनेत आपल्या प्रदेशाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी होती. वारली, कोकणा, धोडिया ही आपली शेजारची घरे. त्यांची जमीन अंधारात, दुसऱ्याच्या नावाने घेणे हे धोक्याचे तर आहेच, शिवाय अन्यायाचेही आहे. असा सौदा कितीही स्वस्त असो, करू नये.

४. उपनिबंधक कार्यालयात मागच्या वर्षांचा शोध घ्यावा. जागेवर बोजा, म्हणजे बँकेचे कर्ज, आहे का ते तिथे आणि उताऱ्यावर कळते. या कामासाठी वकिलाची फी जाते, पण ती वाया जात नाही.

दुसरी पायरी : नोटरी आणि नोंदणी यांतला फरक

सभेत एका पालकांनी विचारले होते की, शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून प्लॉट घेतला तर चालेल का? उत्तर स्पष्ट आहे : नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार शंभर रुपये किंवा अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. साठेखताने मालकी मिळत नाही. नुसत्या मुखत्यारपत्रावर झालेल्या व्यवहाराने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सांगितले. दस्तावर सह्या झाल्या की चार महिन्यांच्या आत तो नोंदणीला हजर करावा लागतो, आणि नंतर हक्कनोंदीत आपले नाव चढले की नाही तेही पाहावे लागते.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट किंवा आखलेले प्लॉट घेत असाल, तर २०१६ चा रेरा कायदा लक्षात ठेवा. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरे किंवा प्लॉट आठाहून अधिक असतील, तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवसाठी हे काम महारेरा पाहते. नोंदणी क्रमांक मागून तो महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. भाव कार्पेट क्षेत्रफळावर विचारावा. भिंती, जिना, गच्ची धरून फुगवलेल्या आकड्यावर नव्हे.

तिसरी पायरी : गणित

आता मुलांनी वही-पेन्सिल घ्यावी. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत.

एका लहान फ्लॅटची किंमत १२ लाख रुपये. स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, वकील, रंगकाम मिळून १ लाख. एकूण गुंतवणूक १३ लाख. भाडे महिना ६,००० रुपये. वर्षात एक महिना खोली रिकामी राहील असे धरू. म्हणजे ११ × ६,००० = ६६,०००. घरपट्टी, सोसायटी, दुरुस्ती यांचे १४,००० वजा. हातात उरले ५२,०००. भागिले १३ लाख, गुणिले १०० : बरोबर ४ टक्के.

हा ४ चा आकडा त्याच दिवशीच्या बँकेच्या मुदत ठेवीच्या दराशेजारी लिहावा. ठेवीचा दर जास्त असेल, तर घर घेण्याचे कारण भाडे नसून पुढे किंमत वाढेल ही आशा आहे. आशा करावी, पण तिला उत्पन्न म्हणू नये.

आता कर्ज. १० लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, १५ वर्षे. मासिक हप्ता सुमारे १०,१४३ रुपये, वर्षाला १,२१,७१६. भाड्याचे ५२,००० त्यातून वजा केले, तरी ६९,७१६ रुपये, म्हणजे महिना सुमारे ५,८०० रुपये, पगारातून घालावे लागतात. "भाड्यातच हप्ता सुटतो" असे सांगणाऱ्याला हे गणित दाखवावे. आमचा सल्ला असा की, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय कर्जावर दुसरे घर घेऊ नये.

चौथी पायरी : भाडेकरू

एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो, म्हणून बहुतेक करार अकरा महिन्यांचे असतात. मात्र आपले नातेवाईक नाशिक, पालघरकडे घर भाड्याने देत असतील, तर महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारही लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. भाड्याचे उत्पन्न आयकरात दाखवावे. भरलेली घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट मिळते.

आणि एक गोष्ट कायद्यात नसली तरी आमच्या मते महत्त्वाची. आपल्या खोलीत राहणाऱ्या कामगाराची मुलेही आपल्याच शाळांत येतात. पाणी, संडास, हवा-उजेड नीट देणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. अशी खोली रिकामीही कमी राहते.

सराव

१. खोलीची किंमत ८ लाख, इतर खर्च ५०,०००, भाडे महिना ४,५००, एक महिना रिकामी, वार्षिक खर्च ७,०००. उत्पन्नाचा टक्का काढा. (उत्तर : ५ टक्के)

२. याच उदाहरणात खोली तीन महिने रिकामी राहिली, तर टक्का किती होईल?

३. घरी मोठ्यांना विचारा : आपल्या घराचा कागद कुणाच्या नावावर आहे आणि तो कुठे ठेवला आहे?

तिसऱ्या प्रश्नाला गुण नाहीत. पण त्याचे उत्तर घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे, एवढी आमची विनंती आहे.