पंचाचा शब्द

लंडन शहरात वेंब्ली नावाचे एक विशाल क्रीडांगण होते. ते पाडून त्याच जागी आता नवे क्रीडांगण उभारण्यात आले आहे. त्या जुन्या क्रीडांगणावर २३ जुलै १९६६ रोजी जागतिक फुटबॉल स्पर्धेचा एक उपान्त्यपूर्व सामना झाला. एका बाजूस यजमान इंग्लंडचा संघ होता, तर दुसऱ्या बाजूस दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिनाचा. पंच होते तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतील रुडॉल्फ क्राइटलाइन. हे गृहस्थ व्यवसायाने शिंपी, अंगाने ठेंगणे. अर्जेंटिनाचा कर्णधार आंतोनियो रातीन हा मात्र चांगला उंचापुरा गडी. दोघे समोरासमोर उभे राहिले की रातीनला मान खाली घालून आणि पंचांना मान वर करून बोलावे लागे. त्यातही गंमत अशी, की एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती! रातीन बोले स्पॅनिश आणि पंच जर्मन.

खेळ प्रथमपासूनच दांडगाईचा झाला. पंचांची शिट्टी पुनःपुन्हा वाजू लागली. रातीनला एकदा ताकीद मिळाली होती. तरीही आपल्या संघाविरुद्ध निर्णय होताच तो पंचांकडे धावे, हातवारे करी आणि दंडावरील कर्णधाराची पट्टी त्यांना दाखवी. आपण केवळ दुभाषा मागत होतो, असे त्याने पुढे सांगितले. पंचांना शब्द समजत नव्हते. परंतु मुद्रा दिसत होती, स्वर ऐकू येत होता. अखेर पस्तिसाव्या मिनिटाला त्यांनी हात लांबवून रातीनला मैदानाबाहेर जाण्याची आज्ञा केली.

रातीन जाईना. त्याचे सोबती पंचांभोवती गोळा झाले. काहींनी तर सारा संघच मैदान सोडील अशी चिन्हे दाखविली. खेळ आठ-नऊ मिनिटे खोळंबला. त्या स्पर्धेतील पंचांचे प्रमुख केन ॲस्टन हे समजूत घालण्यासाठी मैदानाच्या कडेला आले. शेवटी रातीन निघाला खरा, पण राजघराण्यातील पाहुण्यांसाठी अंथरलेल्या लाल गालिच्यावर जाऊन बसला. तेथून उठून जाता जाता त्याने कोपऱ्यावरील निशाण मुठीत चुरगळले. प्रेक्षकांच्या संतापाला मग पारावार राहिला नाही.

उरलेल्या दहा गड्यांनी पुढे चाळीस मिनिटांहून अधिक काळ इंग्लंडला रोखून धरले, ही गोष्ट त्यांना भूषणावह होती. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला जेफ हर्स्ट याने चेंडू डोक्याने गोलात धाडला आणि इंग्लंडने सामना जिंकला. अकरावा गडी, आणि तोही संघाचा कणा असलेला कर्णधार, मैदानावर असता तर काय झाले असते? हे कोणालाच सांगता येणार नाही. खेळाने नव्हे, तर जिभेने अर्जेंटिनाचा हा गडी गमावला, एवढे मात्र खरे.

येथे तुम्ही विचाराल, ‘पण पंचच चुकले असतील तर?’ प्रश्न रास्त आहे. अर्जेंटिनाच्या लोकांची तक्रार हीच होती. त्याच दिवशी शेफील्ड येथे पश्चिम जर्मनी आणि उरुग्वे यांचा सामना झाला. तेथे पंच इंग्लंडचे होते आणि त्यांनी उरुग्वेचे दोन गडी बाहेर काढले. इकडे इंग्लंडच्या सामन्याला जर्मन पंच, तिकडे जर्मनीच्या सामन्याला इंग्लिश पंच! दक्षिण अमेरिकेत संशय उत्पन्न झाला, यात नवल नाही. शिवाय इंग्लंडच्या बाजूनेही सर्व काही सभ्यपणे पार पडले असे नाही. सामना संपल्यावर आपल्या एका खेळाडूला अर्जेंटिनाच्या खेळाडूशी सदऱ्यांची अदलाबदल करण्यास इंग्लंडचे मार्गदर्शक ॲल्फ रॅम्झी यांनी अडविले. विजयी संघाला ही वागणूक शोभली नाही.

तथापि फुटबॉलच्या नियमांत एक सूक्ष्म भेद आहे, तो ध्यानी घ्यावा. पंच कधी चुकत नाही, असे नियम म्हणत नाहीत. खेळातील घटनांविषयी पंचाचा निर्णय अंतिम असतो, एवढेच ते म्हणतात. ‘बरोबर’ आणि ‘अंतिम’ हे दोन निराळे शब्द आहेत. आपली चूक उमगली किंवा सहायक पंचांनी दाखवून दिली, तर खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी पंचाला निर्णय बदलता येतो. परंतु बावीस खेळाडू आणि हजारो प्रेक्षक यांच्यापैकी ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे, असे ठरले तर चेंडू मध्यरेषेवरून पुढे सरकणारच नाही.

पूर्वी इंग्लंडात असा अनुभव येऊन चुकला होता. आरंभी प्रत्येक संघ आपला एकेक अंपायर आणीत असे. खेळाडूंनी दाद मागावी आणि अंपायरांनी निर्णय द्यावा, अशी रीत होती. क्रिकेटमध्ये अंपायरकडे दाद मागण्याची चाल आजही आहे, ती तुमच्या परिचयाची असेल. दोन्ही अंपायरांचे एकमत झाले नाही, तर मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या गृहस्थाकडे वाद जाई. हाच रेफरी, म्हणजे पंच. प्रत्येक अंपायराला आपल्याच संघाचे खरे वाटू लागल्यावर या तिसऱ्या माणसाचे काम किती वाढले असेल, याची कल्पना करा! शेवटी १८९१ साली पंचाला मैदानात आणून सर्व अधिकार त्याच्या हाती देण्यात आले आणि अंपायर रेषेवर निशाण घेऊन उभे राहू लागले.

आता पुन्हा १९६६ कडे वळू. त्याच सामन्यात बॉबी आणि जॅक चार्ल्टन या इंग्लंडच्या दोघा भावांनाही ताकीद मिळाली असल्याचे वृत्त दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आले. मैदानावर मात्र ते कोणाच्या नीट ध्यानात आले नव्हते. ॲस्टन विचारात पडले. हे स्वतः शाळेत शिक्षक होते आणि नावाजलेले पंचही. १९६२ साली सांतियागो येथील चिली आणि इटली यांच्या अत्यंत हिंसक सामन्यात त्यांनी पंचाचे काम केले होते. पोलिसांना मैदानात उतरावे लागल्याचा प्रसंग त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. मोटारीतून लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरून जात असता चौकातील दिव्याने त्यांना थांबविले. दिवा प्रथम पिवळा झाला, मग तांबडा. पिवळा म्हणजे ‘जपून’, तांबडा म्हणजे ‘थांब’. ही भाषा स्पॅनिश बोलणाऱ्याला कळते, जर्मन बोलणाऱ्याला कळते आणि शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही कळते! त्यातून पिवळ्या आणि तांबड्या कार्डांची कल्पना निघाली. १९७० साली मेक्सिकोतील जागतिक स्पर्धेत ती कार्डे प्रथम वापरली गेली. त्या संपूर्ण स्पर्धेत तांबडे कार्ड एकदाही बाहेर काढावे लागले नाही.

असे असले तरी कुशल पंचाचा हात खिशाकडे उशिरा जातो. निर्णय ऐकून एखादा खेळाडू स्वतःशी पुटपुटला, आकाशाकडे पाहून त्याने हात झटकले, तर शहाणा पंच ते पाहूनही न पाहिल्यासारखे करतो. निराशा हा काही अपराध नव्हे. तोच खेळाडू दुसऱ्यांदा कुरकुरला, तर चेंडू बाहेर गेल्यावर त्याच्याजवळून जाताना पंच हळूच दोन शब्द बोलतो. सर्वांसमक्ष बोलला तर खेळाडूचा मान दुखावेल आणि हुज्जत वाढेल, हे तो जाणून असतो. पाच-सहा जणांनी घेरले, तर तो चार पावले मागे सरतो; घोळक्यात उभा राहून वाद घालीत नाही. इतके करूनही कोणी शब्दाने किंवा कृतीने पंचाचा अधिकार झुगारला, तर पिवळे कार्ड. एका सामन्यात दोन पिवळी म्हणजे एक तांबडे. शिवीगाळ केली तर मात्र एकदम तांबडे. हल्ली मोठ्या सामन्यांत पंचाला चित्रफीत पाहून निर्णय तपासता येतो. म्हणून काही खेळाडू हवेत बोटांनी चौकोन काढून ‘फीत पाहा’ असे सुचवितात. या खुणेचा अतिरेक केल्यासही ताकीद मिळते.

इंग्लंडमधील हौशी खेळाडूंच्या सामन्यांत २०१९ पासून आणखी एक उपाय योजलेला आहे. हुज्जत घालणाऱ्याने दहा मिनिटे रेषेबाहेर थांबायचे आणि मग पुन्हा खेळात यायचे. हा उपाय मला फार आवडतो. दंड करायला उद्याची वाट पाहावी लागत नाही. दहा मिनिटे आपल्यावाचून धापा टाकणाऱ्या सोबत्यांकडे पाहत उभे राहणे, हीच शिक्षा.

रातीन जी पट्टी पंचांना दाखवीत होता, तिचे पुढे काय झाले? कर्णधाराला नियमांनी अनेक वर्षे कोणताही खास हक्क दिलेला नव्हता. संघाच्या वर्तणुकीची काही जबाबदारी मात्र त्याच्यावर होती. २०२४ साली जर्मनीत युरोपीय देशांची स्पर्धा झाली. त्या वेळी असे जाहीर करण्यात आले, की निर्णयाचा खुलासा विचारण्यासाठी प्रत्येक संघाच्या केवळ कर्णधाराने पंचाजवळ जावे. इतर कोणी धावत गेला तर त्याला पिवळे कार्ड मिळेल. कर्णधाराने तरी आदबीनेच विचारले पाहिजे. आणि निर्णय समजावून सांगण्याची अपेक्षा पंचांकडूनही ठेवण्यात आली. एखाद्या संघाचा कर्णधार गोलरक्षक असेल, तर त्याला दूरवरून धावत येणे शक्य नसते. म्हणून त्याच्या वतीने बोलणाऱ्या दुसऱ्या खेळाडूचे नाव सामना सुरू होण्यापूर्वीच ठरवून ठेवले जाते.