पाच हजार रोपं वाटण्याआधी

सासवड,
१२ मे

चि. अनिकेत यास,


रोपवाटिकेला पंचवीस वर्षं होताहेत, म्हणून ५ जूनला, पर्यावरण दिनी, मांडव घालून पाच हजार रोपं फुकट वाटायची, असा बेत तू फोनवर सांगितलास. गावाच्या जिवावर आपण मोठे झालो, गावाचं देणं फेडायला हवं, हे तुझं बोलणं मला मनापासून आवडलं. बेत मात्र पटला नाही. फोनवर ते सगळं मांडता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

तू देणाऱ्यांपैकी. मी नोकरीभर घेणाऱ्यांपैकी होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत दर पावसाळ्यात मी रोपं उतरवून घेतली आहेत. २०१९ साली तर राज्याने ३३ कोटींचं उद्दिष्ट ठेवलं होतं, तेव्हा कोण कोण येऊन लावून जायचं. टेम्पो यायचा, फोटो व्हायचा, टेम्पो जायचा. काही रोपं तर पिशवीसकट पुरलेली सापडायची. दिवाळीपर्यंत सगळं हिरवं दिसे. पुढे जमीन तडकू लागली की पाण्याला माणूस नाही. आणि रोपाचा जीव कासावीस होतो त्या मे महिन्यात शाळेला सुट्टी. आपल्याकडे वर्षातले आठ महिने पाऊस नसतो. देणं द्यायचं असेल तर ते या आठ महिन्यांत द्यावं लागतं, आणि तेही सलग तीन वर्षं. रोप हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे, हे तुझ्याइतकं कोणाला कळणार?

आणि ५ जूनच का? पुण्याकडे मोसमी पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास येतो, कधी त्याहूनही लांबतो. जमीन चांगली वीतभर भिजल्याशिवाय रोप लावू नका, असं तू गिऱ्हाइकाला बजावतोस. मग गावाला वेगळा नियम कशाला?

माझं ऐकशील तर पाच हजारांऐवजी शंभर झाडं घे. खड्डे याच महिन्यात खण, दोन बाय दोन बाय दोन फुटांचे, आणि त्यांना ऊन खाऊ दे. भरताना पोयटा, कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी थोडी निंबोळी पेंड घाल. वीतभर रोपं नकोत. मोठ्या पिशवीतला पाच-सहा फुटी माल काढ, बांबूचा आधार दे, शेळी तोंड घालणार नाही अशी जाळी लाव. मग पाण्याचा हिशोब मांड. झाडाला आठवड्याला पंधरा लिटर धरले तरी शंभर झाडांचे दीड हजार लिटर होतात. फेब्रुवारी ते मेअखेर दर आठवड्याला तुझा टँकर एक फेरी मारेल, आणि त्या माणसाची मजुरी तुझ्या वहीत चढेल. मांडव, हारतुरे आणि फ्लेक्सचा खर्च वाचला की यातलं बरंचसं भागतं.

कोणती झाडं, हे ग्रामसभेत विचार. लोक ठरवतील तिथे ते पाणीही घालतील. तू जाणकार म्हणून सल्ला दे, उरलेला माल खपवायला जाऊ नकोस. विजेच्या तारांखाली कांचन किंवा आपटा लाव. मोठं झाड लावलंस तर दर मे महिन्यात वीज मंडळाची माणसं त्याचा शेंडा छाटून जातील. शाळेला बहावा, ताम्हण आणि पोरांना खायला एखादं जांभूळ. स्मशानभूमीत करंज, कडुनिंब. तिथे भर उन्हात उभं राहणाऱ्यांना सावली मिळावी असं कोणाच्या मनातच येत नाही. झटपट हिरवं दिसतं म्हणून कोनोकार्पस मात्र देऊ नकोस. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, ते तुला माहीत असेलच.

तुकोबांची पालखी उरुळीकांचनवरून जाते तेव्हा वारकऱ्यांच्या हातात रोपं देण्याचाही तुझा विचार आहे म्हणे. तो सोडून दे. ज्याला अजून पंढरपूरपर्यंत चालायचं आहे, त्याने ते रोप कुठे आणि कसं सांभाळायचं? त्यांना पाणी दे, बसायला सावली दे. दुपारच्या विसाव्याच्या जागेवर दहा झाडं जगवलीस तर पुढच्या पिढीतला वारकरीही त्यांच्याखाली टेकेल.

आता थोडं कडू लिहिते. गावाला काय द्यायचं हे ठरवण्याआधी आपण गावाकडून काय घेतो ते मोजावं. तुझ्या दुकानात ढिगाने विकली जाणारी लाल माती आणि पोयटा कुठल्या तरी डोंगराच्या नाहीतर शेताच्या अंगावरून खरवडून येतो. माती हे गौण खनिज आहे. परवाना आणि स्वामित्वधनाची पावती असल्याशिवाय एकही ट्रक उतरवून घेऊ नकोस, मग तो कितीही स्वस्त पडो. पाण्याचंही तसंच. हजार चौरस फूट लॉनला रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तर साडेचारशे लिटरच्या वर जातं. तुझे तर लॉनचे वाफेच्या वाफे आहेत. उन्हाळ्यात तुझी बोअर चालू आणि शेजारची विहीर कोरडी असेल, तर तुझ्या शंभर झाडांचं कौतुक कोण करेल? ठिबक कर, शेडवरचं पावसाचं पाणी बोअरच्या पुनर्भरणाला सोड, आणि टंचाईत लॉनचा माल कमी कर. हे फोटोत येत नाही, पण गावाला कळतं.

तसंच पिशव्या भरणाऱ्या, कलमं बांधणाऱ्या बायका. आपला धंदा त्यांच्या बोटांवर उभा आहे. झाडं जगवण्याचं काम फुकट श्रमदान म्हणून त्यांच्या गळ्यात मारू नकोस. त्या कामाच्या दिवसांची पूर्ण मजुरी दे. आणि पहिली सावली त्यांच्या वस्तीत जाऊ दे.

कंपनी कायद्यातलं, नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचं बंधन वर्षाला पाच कोटी नफा किंवा फार मोठी उलाढाल असलेल्या कंपन्यांना लागतं. तुझ्यावर कोणाची सक्ती नाही. म्हणूनच दिलंस तर ते मनाने दिलेलं असेल, आणि थोडं असलं तरी चालेल. आपल्या परिसरातच याचा दाखला आहे. १९४६ साली गांधीजी उरुळीकांचनला आले, निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. गांधीजी काही दिवसांनी पुढे गेले. त्यांचे अनुयायी मणिभाई देसाई तिथेच राहिले. पडीक जमिनीवर शेती, गाईंची पैदास, १९६७ मध्ये बाएफ या संस्थेची स्थापना, हे सगळं तिथे ठाण मांडून बसल्यामुळे झालं. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या चिकाटीमुळे. तू त्याच उरुळीकांचनच्या रस्त्यावर धंदा करतोस.

झाडाजवळ तुझ्या नावाची पाटी लावायची असेल तर खुशाल लाव, धंदेवाल्याने लाजू नये. फक्त तिच्यावर तुझा फोन नंबर घाल, म्हणजे आधार मोडला, जाळी पडली की गावकरी तुला बोलावतील. आणि बोलावलं की जा.

आमदारांना बोलवायचंच असेल तर तीन वर्षांनी, तिसरा उन्हाळा काढलेल्या झाडांखाली बोलव. तोवर दर मे महिन्यात जगलेली झाडं मोज आणि तो आकडा ग्रामसभेत वाचून दाखव, कमी असला तरी. मेलेल्यांच्या जागी त्याच पावसाळ्यात नवी लाव. या आठवड्यात खड्डे खणायला घे आणि मला कळव.

दादा-वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझी,
आत्या